दंतवैद्याच्या खुर्चींत हरपणारी शुद्ध

मी वैद्य नव्हे. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि ३६ वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना मराठी व अंकगणित शिकवून मी निवृत्त झालों. तेव्हां वैद्यकासारख्या गहन विषयावर बोलण्याचा अधिकार ह्या गृहस्थाला कोणीं दिला, असा प्रश्न आपल्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. त्यास माझें उत्तर एवढेंच कीं, आज मी ज्या संकटाविषयीं बोलणार आहें तें माझ्या स्वतःवर ओढवलें होतें, आणि त्यांतील चूकहि सर्वस्वीं माझीच होती. त्यानंतर जाणत्या डॉक्टरांना मीं पुष्कळ प्रश्न विचारले, जें कळलें तें वहींत टिपून ठेवलें, आणि तेंच आज आपल्यापुढें मांडीत आहें.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. माझी खालची एक दाढ किडून हालूं लागली होती. ती काढून टाकण्यासाठीं मी ज्या दवाखान्यांत गेलों, तेथील दंतवैद्य बाई माझ्याच एके काळच्या विद्यार्थिनी. खुर्चीवर बसण्यापूर्वीं त्यांच्या मदतनीस मुलीनें माझ्या हातीं एक छापील कागद दिला. मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग, दमा, फेफरें, एखाद्या औषधाचें वावडें, सध्यां चालू असलेल्या गोळ्या, अशी त्यावर लांबलचक यादी होती आणि प्रत्येक बाबीपुढें ‘होय’ किंवा ‘नाहीं’ अशी खूण करावयाची होती. मला मधुमेह जडून त्या वेळीं ११ वर्षें झालीं होतीं. तरीहि मीं सरसकट ‘नाहीं’वर खुणा केल्या. एक तर ‘होय’ म्हटलें कीं रक्त तपासावें लागेल, काम लांबणीवर पडेल, आणि दाढेचा ठणका आणखी आठ दिवस सोसावा लागेल, अशी धास्ती होती. दुसरें कारण सांगावयास लाज वाटते. ज्या मुलीला मीं तिसरींत पाढे शिकविले, तिच्यापुढें आपल्या जीर्ण देहाची यादी मांडणें माझ्या जिवावर आलें.

त्या दिवशीं सकाळची मधुमेहाची गोळी मीं न चुकतां घेतली होती. परंतु दाढ दुखत असल्यामुळें नाश्ता केला नव्हता. बिनसाखरेचा चहा तेवढा पोटांत होता. मला ११ ची वेळ दिलेली. आधींच्या रोग्याचें काम लांबल्यामुळें माझी पाळी साडेबारा वाजतां आली. इंजेक्शन दिलें गेलें, ओठ जड झाला, आणि थोड्याच वेळांत मला दरदरून घाम सुटून हात कांपूं लागले. गुरुजी भ्याले असावेत असें समजून बाईंनीं खुर्ची आडवी केली, पाय उंच केले, धीर दिला. मी मात्र त्यांच्यावर खेंकसलों. पुढें मला सांगण्यांत आलें कीं, मी त्यांना भलत्याच नांवानें हांक मारीत होतों आणि असंबद्ध बडबडत होतों. त्यानंतरचें मला कांहींच आठवत नाहीं.

आमची मंडळी बाहेर बसली होती. तिला आंत बोलावतांच ती म्हणाली, “अहो बाई, ह्यांना साखरेचा आजार आहे. सकाळीं गोळी घेतली आहे आणि पोटांत कांहीं नाहीं. सांगितलें नाहीं का ह्यांनीं?” तत्काळ बोटाला सुई टोंचून रक्ताचा थेंब तपासला, तो शर्करेचा आंकडा ३८ निघाला. शिरेंतून ग्लुकोजचें द्रावण दिल्यावर कांहीं मिनिटांनीं मीं डोळे उघडले. बाई रागावल्या नाहींत. मीं भरलेला कागद त्यांच्या हातांत होता. त्या एवढेंच म्हणाल्या, “गुरुजी, उत्तर येत नसेल तर जागा कोरी ठेवा, पण खोटें लिहूं नका, असें तुम्हींच आम्हांला सांगत होतां.”

श्रोतेहो, आजच्या भाषणाचें सार ह्या एका वाक्यांत आलें आहे. तथापि तें कां खरें आहे, हें नीट समजून घेतलें तर अधिक उपयोगी पडेल.

दंतवैद्यक आणि बेशुद्धि यांचें नातें मोठें चमत्कारिक आहे. एके काळीं रोग्याची शुद्ध हरपावी, हीच दंतवैद्याची इच्छा असे. अमेरिकेंतील हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स यांनीं ११ डिसेंबर १८४४ रोजीं नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला ‘हंसविणारा वायु’ म्हणतात तो, हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. त्यांचेच एके काळचे सहकारी विल्यम मॉर्टन हेहि दंतवैद्य. त्यांनीं १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टनच्या रुग्णालयांत ईथर देऊन वेदनेवांचून शस्त्रक्रिया होऊं शकते हें जगाला दाखविलें. पुढें १८८४ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या थेंबांनीं केवळ डोळा बधिर करून दाखविला, आणि संबंध माणूस निजविण्याऐवजीं हवी तेवढीच जागा बधिर करण्याचा मार्ग खुला झाला. आज आपल्या हिरडींत बहुधा जें लिग्नोकेन टोंचतात, तें स्वीडनमधील निल्स लोफग्रेन यांनीं १९४३ सालीं तयार केलें. त्यामुळें हल्लीं दांताचें बहुतेक काम रोगी पूर्ण जागा असतांनाच होतें. आणि म्हणूनच खुर्चीवर कोणाची शुद्ध गेली, तर ती औषधाची अपेक्षित क्रिया नसून कांहीं तरी बिघडल्याची खूण असते.

काय बिघडतें, हें कळण्यासाठीं देवघरांतील समई डोळ्यांपुढें आणावी. ज्योत तेवत राहावयास तेल हवें, तें वातीच्या टोंकापर्यंत चढावयास हवें, भोंवतीं हवा हवी, आणि सोसाट्याचा वारा नको. मेंदूचेंहि असेंच आहे. रक्तांतील साखर हें त्याचें तेल. वाहतें रक्त ही त्याची वात. श्वासांतील प्राणवायु ही त्याची हवा. आणि मेंदूंतच उसळणारें विजेचें वादळ, ज्याला आपण अपस्मार किंवा फेफरें म्हणतों, तो सोसाट्याचा वारा. मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या सुमारें २ टक्केच भरतें. परंतु विश्रांतींत शरीर जेवढा प्राणवायु खर्च करतें, त्याचा सुमारें पांचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. शिवाय हा मोठा खर्चिक गृहस्थ जवळ शिल्लक म्हणून जवळजवळ कांहींच ठेवीत नाहीं. रक्ताचा पुरवठा अजिबात थांबला, तर सुमारें १० सेकंदांत शुद्ध जाते.

आतां अडचण अशी कीं, तेल संपो, वात खुंटो, हवा कोंडो कीं वारा सुटो, पाहणाराला दृश्य एकच दिसतें. खुर्चींत एक मनुष्य मान टाकून पडलेला आहे, एवढेंच त्याला दिसतें. उपाय मात्र चार ठिकाणीं चार प्रकारचे. कोणता उपाय करावा हें ठरविण्यास वैद्यापाशीं फार थोडीं मिनिटें असतात, आणि त्या वेळीं रोगी स्वतः बोलूं शकत नाहीं. त्याला जें सांगावयाचें तें त्यानें खुर्चींत बसण्यापूर्वींच सांगून ठेविलेलें असावें लागतें.

दंतवैद्याकडे शुद्ध जाण्याचा सर्वांत सामान्य प्रकार म्हणजे साधी भोंवळ. ती तरुण व धडधाकट माणसालाहि येते. सुईची भीति, वेदना, रक्ताचें दर्शन, बंद खोलींतील उकाडा, रिकामें पोट, ह्यांपैकीं एखादें निमित्त पुरतें. भीतीमुळें प्रथम शरीर पळण्याची तयारी करतें; स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावतात. पण रोगी पळत तर नाहीं, खुर्चींत ताठ बसून राहतो. रक्त हातापायांत सांचतें. मग अकस्मात् हृदयाची गति मंदावते, रक्तदाब कोसळतो, आणि मेंदूपर्यंत रक्त चढत नाहीं. चेहरा पांढराफटक पडतो, थंड घाम येतो, जांभया येतात, मळमळतें, डोळ्यांपुढें अंधारी येते. अशा वेळीं खुर्ची सपाट करून पाय डोक्याच्या पातळीहून उंच केले, कीं रक्त आपोआप मेंदूकडे उतरतें आणि रोगी बहुधा एकदोन मिनिटांत डोळे उघडतो. त्याला ताठ बसवून ठेवणें मात्र घातक. त्यानें बेशुद्धि लांबते आणि कधीं कधीं झटकेहि येतात.

ह्यावरून एक मोलाची कसोटी मिळते. आडवें निजवून पाय उंच केल्यावर जो मनुष्य दोन मिनिटांत सावध होत नाहीं, त्याला साधी भोंवळ आली आहे असें समजून स्वस्थ बसूं नये. विशेषतः ज्याला पूर्वींचा एखादा रोग आहे त्याच्या बाबतींत तर मुळींच नाहीं.

अशा रोगांत पहिला मान मधुमेहाचा. त्यांत साखर वाढते हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु खुर्चीवर अकस्मात् घात होतो तो बहुधा साखर उतरल्यामुळें. इन्सुलिन, तसेंच ग्लिमेपिराइड व ग्लिक्लाझाइड ह्यांसारख्या गोळ्या रक्तांतील साखर खालीं आणण्याचें आपलें काम रोगी जेवला कीं नाहीं हें न पाहतां करीत राहतात. १०० मिलिलिटर रक्तांतील साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली, कीं शरीर इशारे देऊं लागतें. भूक लागते, घाम सुटतो, हात कांपतात, छाती धडधडते. आणखी उतरली कीं मनुष्य चिडखोर होतो, प्यायलेल्यासारखा बरळतो, आणि शेवटीं बेशुद्ध पडतो किंवा त्याला झटके येतात. रक्तदाबासाठीं दिल्या जाणाऱ्या ॲटेनोलोल, प्रोप्रानोलोल ह्यांसारख्या गोळ्या कंप आणि धडधड हे दोन इशारे झांकून टाकतात; घाम मात्र सुटतोच. भित्र्या माणसाचा घाम आणि साखर उतरलेल्याचा घाम दिसावयास सारखाच. माझ्या बाईंची प्रथम फसगत झाली ती येथेंच, आणि ती करविणारा कागद माझ्या हातचा होता.

रोगी शुद्धीवर असून गिळूं शकत असेल, तर तीनचार चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां रक्त तपासावें, आणि मग कांहीं खावयास द्यावें. शुद्ध गेलेली असेल, तर मात्र तोंडांत थेंबहि घालूं नये; तो अन्ननलिकेऐवजीं श्वासनलिकेंत जातो. तेथें शिरेंतून ग्लुकोज किंवा स्नायूंत ग्लुकागॉनचें इंजेक्शन, हाच उपाय.

मधुमेही लोकांत असा एक समज आहे कीं, दांत काढावयास उपाशीं जावें. संपूर्ण भूल द्यावयाची असेल तेव्हां उपाशीं राहणें अवश्य असतें, आणि त्या दिवशीं गोळ्यांचें काय करावें हें वैद्यास आधीं विचारावें लागतें. पण नेहमींच्या, जागा बधिर करून होणाऱ्या कामासाठीं नाश्ता करून, औषध घेऊन, सकाळच्या वेळींच जाणें उत्तम. शिवाय दाढ काढल्यावर ओठ कांहीं तास बधिर राहतो आणि जबडा दुखतो, म्हणून माणूस दुपारचें जेवण टाळतो. गोळी मात्र घेतो. मग घरीं परतल्यावर साखर उतरते. सबब पुढच्या गोळीविषयीं आणि पातळ आहाराविषयीं दवाखान्यांतून निघण्यापूर्वींच विचारून घ्यावें.

दुसरा वर्ग हृद्रोग्यांचा. ह्यांना छातींत कळ येऊन, किंवा हृदयाचा ठोका बिघडून मेंदूचा पुरवठा तुटूं शकतो. जागा बधिर करण्याच्या औषधांत बहुधा ॲड्रेनलिन फार विरळ प्रमाणांत, म्हणजे ८०,००० भागांत १ भाग किंवा त्याहूनहि कमी, मिसळलेलें असतें. त्यानें तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बधिरपणा टिकतो आणि रक्तस्राव कमी होतो. हें ऐकून कांहीं हृद्रोगी ‘मला सुईच नको, तसाच दांत काढा’ असा हट्ट धरतात. परंतु वेदना असह्य झाली, कीं आपलें स्वतःचें शरीरच ॲड्रेनलिन रक्तांत ओततें, आणि तें त्या सुईंतील मात्रेहून पुष्कळ अधिक असूं शकतें. म्हणून जागा उत्तम बधिर होणें हृद्रोग्याच्याच हिताचें असतें. वैद्याला मात्र रोग ठाऊक असला पाहिजे; म्हणजे तो ॲड्रेनलिनची एकूण मात्रा बहुधा ०.०४ मिलिग्रॅमच्या आंत ठेवतो, सुई रक्तवाहिनींत शिरली नाहीं ना हें पिचकारी मागें ओढून पाहतो, आणि औषध हळूहळू सोडतो. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल, तर तांतडीचें नसलेलें काम हृदयाच्या डॉक्टरांच्या संमतीवांचून करीत नाहींत. त्याचप्रमाणें रक्तदाब १८० वर ११० किंवा त्याहून अधिक असेल, तर असें काम पुढें ढकलणें हीच रीत आहे. परत पाठविलें म्हणून वैद्यावर रुसूं नये.

ज्यांना छातींत दुखल्यास जिभेखालीं ठेवण्याची गोळी दिलेली आहे, त्यांनीं ती दंतवैद्याकडे जातांना खिशांत ठेवावी आणि आल्याबरोबर दाखवावी. येथें संकोचाची एक गोष्ट स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. पौरुषासाठीं सिल्डेनाफिलसारखी गोळी घेणाऱ्यांनीं ती लपवूं नये. ती घेतल्यानंतर २४ तासांच्या आंत जिभेखालची गोळी दिली गेली, तर रक्तदाब धोक्याच्या पातळीपर्यंत कोसळूं शकतो; त्या जातीच्या कांहीं गोळ्यांचा असर दोन दिवस टिकतो. तसेंच, रक्त फार जाईल ह्या भीतीनें रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. हृदयाच्या रक्तवाहिनींत स्टेंट बसविलेल्या माणसानें असें केलें, तर तेथेंच गुठळी जमून प्राणावर बेतूं शकतें. हिरडींतून होणारा रक्तस्राव दाबून धरून किंवा टांका घालून थांबवितां येतो.

तिसरा प्रसंग काम संपल्यानंतरचा, आणि माझ्या वयाच्या पुरुषांनीं तो विशेष ध्यानांत ठेवावा. तास अर्धा तास आडवें पडून राहिल्यावर ‘झालें’ हा शब्द ऐकतांच आपण ताडकन् उठतों. वय झालेलें, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यांतच प्रोस्टेटसाठीं टॅम्सुलोसिनसारखी गोळी. अशा वेळीं रक्त पायांकडे उतरतें आणि रक्तवाहिन्या वेळेवर आकुंचन पावत नाहींत. मनुष्य दारापर्यंत पोंचण्यापूर्वींच कोसळतो आणि दांताऐवजीं खुब्याचें हाड घेऊन रुग्णालयांत जातो. उपाय अगदीं साधा आहे. खुर्ची हळूहळू सरळ करावयास सांगावी, दोनतीन मिनिटें पाय खालीं सोडून बसावें, आणि मग हात धरून उभें राहावें.

ह्याखेरीज आणखी तीन रोग्यांची नोंद घेतली पाहिजे. अपस्मार असलेल्यानें त्या दिवशींची गोळी चुकवूं नये. झटका आलाच, तर वैद्य तोंडांतील उपकरणें काढून घेतो आणि रोग्याला कुशीवर वळवितो. दांतखीळ उघडण्यासाठीं मधें चमचा किंवा बोट घालणें सर्वथा चुकीचें. झटका पांच मिनिटांहून अधिक टिकला, तर रुग्णवाहिका बोलवावी. दमा, संधिवात अशा विकारांसाठीं ज्यांनीं प्रेडनिसोलोनसारखें स्टेरॉइड महिनोन् महिने घेतलें आहे, त्यांच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथि सुस्तावलेल्या असतात. ताणाच्या वेळीं शरीराला लागणारा रस त्या पुरेसा निर्माण करूं शकत नाहींत, आणि रक्तदाब ढासळतो. अशांनीं गोळी एकाएकीं बंद करूं नये आणि ती चालू आहे किंवा नुकतीच होती हें अवश्य सांगावें. तिसरा रोगी वावड्याचा. पेनिसिलीन किंवा रबरी हातमोजे यांचें तीव्र वावडें असल्यास अंगावर गांधी उठून, घसा सुजून, श्वास कोंडून मनुष्य बेशुद्ध पडतो. तेथें मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूंत दिलेलें ॲड्रेनलिन हाच प्राणरक्षक उपाय, आणि प्रौढ माणसास त्याची मात्रा अर्धा मिलिग्रॅम. जें औषध हृद्रोग्याला मोजूनमापून द्यावयाचें, तेंच येथें विनाविलंब द्यावयाचें. रोग ठाऊक असणें किती मोलाचें आहे, तें ह्यावरून दिसून येईल.

आतां बाहेर बसलेल्या नातेवाईकांचें कर्तव्य सांगतों. आपल्याकडे कोणी बेशुद्ध पडलें कीं कोणी कांदा फोडतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी तोंडावर पाणी मारतो, आणि दहा माणसें भोंवतीं गोळा होऊन हवा अडवितात. ह्यांतील एकाहि गोष्टीचा उपयोग नाहीं. आपण वैद्याच्या उपयोगीं पडूं शकतों तें रोग्याचे आजार, त्याच्या गोळ्या आणि त्याचें शेवटचें जेवण किती वाजतां झालें, हें सांगून. बेशुद्ध माणसाला सपाट निजवितात, ह्याला एक अपवाद लक्षांत ठेवावा. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणें निजल्यास गर्भाच्या भारानें पोटांतील मोठी नीला दबते. अशा स्त्रीस डाव्या कुशीवर वळवावें. धाप लागलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या हृद्रोग्याला तर आडवें निजवूंच नये, टेकून बसवावें.

आणि सर्वांत बिकट प्रसंग. रोगी हांकेस उत्तर देत नाहीं आणि त्याचा श्वासहि नीट चालत नाहीं. मधूनच एखादा आचका येतो. आचका म्हणजे श्वास नव्हे. असें दिसतांच एकानें १०८ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा आणि दुसऱ्यानें छाती दाबावयास आरंभ करावा. छातीच्या मध्यभागीं, एका तळहातावर दुसरा ठेवून, मिनिटास १०० ते १२० वेळां, प्रत्येक वेळीं ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावें. हें दंतवैद्याच्या खुर्चींतच, ती सपाट करून करतां येतें. पाठीच्या बाजूखालीं एखादें भक्कम स्टूल सरकविलें कीं खुर्ची डगमगत नाहीं. हृदयाला विजेचा झटका देणारें यंत्र जवळपास असल्यास तें ताबडतोब आणवावें. ही क्रिया एकदां प्रत्यक्ष शिकून घेणें प्रत्येक घरांतील एका तरी माणसाचें कर्तव्य आहे, असें मला वाटतें.

परंतु श्रोतेहो, ही सारी धांवपळ शेवटच्या घटकेची आहे. पहिल्या घटकेचें काम त्याहून सोपें आणि पूर्णपणें आपल्या हातांतलें आहे. एका कागदावर आपलें वय, आपले रोग, प्रत्येक गोळीचें नांव व वेळ, कोणत्या औषधाचें वावडें, पूर्वींच्या शस्त्रक्रिया, पेसमेकर किंवा स्टेंट, आणि पूर्वीं कधीं भोंवळ आली असल्यास तिचीहि हकीगत, इतकें लिहून काढावें. गोळ्यांचीं नांवें पाठ नसतील, तर त्यांचीं पाकिटेंच पिशवींत घालून न्यावीं. आपला दांतांचा डॉक्टर आणि आपला रोग यांचा काय संबंध, असें मनांत आणूं नये. दांत कांहीं शरीराबाहेर उगवलेले नसतात; त्यांना पोंचणारें रक्त त्याच हृदयांतून येतें आणि त्यांची वेदना त्याच मेंदूला कळते.

माझी ती दाढ पुढें पंधरा दिवसांनीं निघाली. सकाळीं मऊ भात खाऊन, गोळी घेऊन, आम्ही उभयतां ९ वाजतां दवाखान्यांत हजर झालों. मदतनीस मुलीनें पुन्हां तोच छापील कागद पुढें केला. ह्या वेळीं तो भरावयास मला चांगली दहा मिनिटें लागलीं. दोन गोळ्यांचीं नांवें आमच्या मंडळीनें सांगितलीं. बाईंनीं कागद वरपासून खालपर्यंत वाचला, बोटाचें रक्त तपासलें, रक्तदाब पाहिला, आणि एका जागीं मीं विसरलेली खूण मला करावयास लावली. मीं ती केली. मग त्या म्हणाल्या, “आतां बसा, गुरुजी.” आणि मी निर्धास्तपणें खुर्चींत बसलों.